वणव्यानंतरचं जंगल आणि तोडीनंतरचं जंगल

ग्लोबल फॉरेस्ट वॉचच्या नकाशावर जिथे झाडांचं छत्र गेलं तिथे गुलाबी ठिपका दिसतो. ते वणव्यात गेलं की यंत्रानं कापलं, हे त्या एका ठिपक्यावरून कळत नाही. त्यासाठी वेगळा थर उघडून बघावा लागतो. कॅनडा, रशिया, स्वीडन, फिनलंडच्या उत्तरेकडे पसरलेल्या सूचिपर्णी जंगलाबद्दल, म्हणजे तैगाबद्दल, आपण जे वाचतो त्यातही हा गोंधळ कायम असतो. ‘इतके हेक्टर जंगल नष्ट’ अशी बातमी येते आणि पाठोपाठ ‘इतकी कोटी झाडं लावणार’ अशी घोषणा. पण जळालेली जमीन आणि तोडलेली जमीन या दोन वेगळ्या जमिनी आहेत. त्यांच्यावर उगवणारं जंगल वेगळं असतं, आणि माणसानं तिथे काय करायचं याचं उत्तरही वेगळं असतं.

आधी आवाका बघू. कॅनडात दरवर्षी साधारण ७ लाख हेक्टर जंगल लाकडासाठी तोडलं जातं. वणव्याचा आकडा वर्षागणिक हेलकावे खातो. २०२३ मध्ये तो दीड कोटी हेक्टरच्या आसपास गेला, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मा. त्या जूनमध्ये या वणव्यांच्या धुरानं न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचं आकाश नारिंगी झालं होतं, आणि तिथल्या मराठी घरांतूनही व्हॉट्सॲपवर तेच फोटो आले होते. ऑगस्टमध्ये कॅनडातलं यलोनाइफ हे सुमारे २० हजार वस्तीचं शहर रिकामं करावं लागलं. हे सगळं पाहिल्यावर वणवा हाच खरा शत्रू आणि तोड म्हणजे निदान हिशेबातला व्यवहार, असं वाटणं साहजिक आहे. त्यात आपल्या मनातला वणवा सह्याद्रीतला: माणसानं लावलेला, गवत आणि कोवळी रोपं खाऊन टाकणारा, ज्याला अडवायला वनखातं जाळरेषा काढतं. सह्याद्रीपुरतं ते बरोबरच आहे. पण उत्तरेकडची कितीतरी झाडं आगीबरोबरच घडत आली आहेत, तिथे तीच मोजपट्टी लावली की चुकतं.

कॅनडातल्या जॅक पाइनचं फळ, म्हणजे त्याचा शंकू, हातात घेतला तर तो लाकडासारखा टणक लागतो. त्याचे खवले राळेनं घट्ट चिकटलेले असतात. आत बी तयार असतं, पण वर्षानुवर्षं बाहेर पडत नाही. वणव्याची झळ लागली की राळ वितळते, खवले उघडतात आणि आग पुढे गेल्यावर बी राखेवर पडतं. काळ्या स्प्रूसची तऱ्हा जराशी वेगळी. त्याचे छोटे शंकू झाडाच्या अगदी शेंड्याला झुबक्यानं असतात. ते अर्धवट बंद असतात आणि वणव्यानंतर हळूहळू बी सोडत राहतात. झाड मरतं, पण पुढच्या पिढीचं बी डोक्यावर घेऊन मरतं. ॲस्पेन या पानझडी झाडाला तर बीही लागत नाही. जमिनीखालच्या मुळांतून शेकडो धुमारे फुटतात.

बी पडायला जमीनही तयार लागते. या जंगलात जमिनीवर शेवाळाचा आणि अर्धवट कुजलेल्या पाचोळ्याचा जाड थर असतो. बारीक बी त्यावर पडलं तर कोंबाचं मूळ खालच्या मातीपर्यंत पोचायच्या आत वाळून जातं. आग हा थर जागोजाग पातळ करते. वर काळेठिक्कर झालेले बुंधे तसेच उभे राहतात, आणि हेच विसरलं जातं. वणव्यात मुख्यतः पानं, बारीक फांद्या आणि जमिनीवरचा थर जळतो. खोडाचं लाकूड बहुतांशी जागेवरच असतं.

त्या लाकडावर जगणारे कितीतरी जीव आहेत. मेलानोफिला नावाचा एक काळा भुंगेरा आहे. त्याच्या छातीवर, मधल्या पायांजवळ, उष्णतेचे अवरक्त किरण ओळखणारे खड्डे असतात. बाकीचे प्राणी आगीपासून पळतात; हा आगीकडे उडत येतो, कारण त्याच्या अळ्या नुकत्याच जळालेल्या लाकडात वाढतात. त्या आणि तशाच इतर अळ्या खायला काळ्या पाठीचा सुतारपक्षी येतो, बुंध्यात ढोली करतो, आणि पुढे त्या ढोलीत दुसरे पक्षी राहतात.

आता तोड. इथे नेमकं उलटं घडतं: जे आग ठेवते ते माणूस नेतो. खोडं जातात, काही ठिकाणी फांद्या आणि शंकूही जातात, फिनलंडमध्ये तर इंधनासाठी बुडखेही उपटले गेले आहेत. उलट आग जो शेवाळाचा थर कमी करते तो तोडीनंतर तसाच राहतो, म्हणून मग यंत्रानं जमीन खरवडावी लागते. त्यानंतर रोपवाटिकेतली रोपं येतात, बहुधा एकाच जातीची, एकाच वयाची, ठरावीक अंतरावर. मध्येच बर्च आणि ॲस्पेन ही पानझडी झाडं उगवली तर कॅनडाच्या काही प्रांतांत त्यांच्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारतात, कारण गिरणीला सूचिपर्णी लाकूड हवं असतं. क्वेबेक प्रांतानं सरकारी जंगलात तणनाशकं २००१ पासून बंद केली, आणि ते करता येतं हे त्यामुळे सगळ्यांना दिसलं. पानझडी झाडं सूचिपर्णींपेक्षा सावकाश पेटतात. वणवे वाढत असताना तीच झाडं पैसे खर्चून मारणं मला तरी समजत नाही.

याचा परिणाम मोजलेला आहे. फिनलंडच्या जंगलांतल्या सजीवांपैकी सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे चार-पाच हजार जाती, मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत. नैसर्गिक जुन्या जंगलात असं लाकूड हेक्टरी कित्येक डझन घनमीटर मिळतं. लाकडासाठी राखलेल्या जंगलात जेमतेम काही घनमीटर. स्वीडनमध्ये तोडीनंतर पुन्हा जंगल उभं करणं १९०३ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. त्यामुळे देश हिरवा राहिला यात शंका नाही. पण झाडं भरपूर असूनही जंगलातले जीव धोक्यात असू शकतात, हेही तिथेच दिसतं.

‘आम्ही सरसकट तोड करतो ती वणव्याचीच नक्कल आहे’, असा लाकूड उद्योगाचा जुना युक्तिवाद आहे. त्यात थोडं तथ्य आहे. दोन्हींत जमीन उघडी पडते, ऊन पोचतं, एकाच वयाची नवी पिढी उगवते. हा युक्तिवाद प्रामाणिकपणे घेतला तर तोडताना झाडांचे पुंजके आणि मेलेले बुंधे मागे सोडावे लागतात, आणि काही जागा मुद्दाम जाळाव्या लागतात. स्वीडनमध्ये एफएससी, म्हणजे जबाबदारीनं राखलेल्या जंगलाचं, प्रमाणपत्र घेणाऱ्या मोठ्या जमीनमालकांवर तसं बंधन आहे: कोरड्या आणि मध्यम ओलाव्याच्या जमिनीवर जेवढं क्षेत्र नव्यानं लागवडीला येतं, त्याच्या किमान पाच टक्के क्षेत्र पाच वर्षांच्या काळात जाळायचं. शंभर-दीडशे वर्षं आगी विझवत आलेल्या देशात आता पगारी माणसं हवामान बघून जंगल पेटवतात. नक्कल म्हणायची तर ती अशी हवी.

त्याच देशात २०१४ च्या उन्हाळ्यात वेस्टमानलांडमध्ये १३ हजार हेक्टरांहून अधिक जंगल जळालं. ठिणगी पडली ती जमीन खरवडणाऱ्या यंत्रामुळे. त्यातला जवळपास निम्मा भाग पुढे हेलेस्कोग्सब्रेनान या नावानं राखीव करण्यात आला आणि तिथे लावायला कोणी गेलं नाही. पुढच्याच वर्षी त्या काळ्या जमिनीवर निळसर-जांभळी जेरानियमची फुलं आली. या जातीचं बी आगीच्या उष्णतेशिवाय सहसा रुजत नाही. ते मातीत कित्येक दशकं पडून राहिलेलं होतं. मग बर्च, ॲस्पेन, विलो आले आणि मागोमाग सुतारपक्षी. राखीव भागाबाहेर मात्र मालकांनी जळालेलं लाकूड काढून रोपं लावली.

जळालेलं जंगल पुन्हा तोडणं हा या दोन गोष्टींमधला सगळ्यात वाईट मिलाफ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आग शेवाळ नेते, तोड बुंधे नेते, आणि वर यंत्रांची चाकं नुकती उगवलेली रोपं तुडवतात. गावालगत, रस्त्यालगत धोकादायक बुंधे काढावे लागतात, ते समजण्यासारखं आहे. पण ‘नाहीतरी मेलेलंच आहे, वाया कशाला घालवायचं’ हे कारण पटत नाही. ते वाया जात नसतं.

तोडीबरोबर आणखी एक गोष्ट येते जी वणव्याबरोबर येत नाही: रस्ता. कॅरिबू, म्हणजे तिथलं रानटी रेनडिअर, हिवाळ्यात दगडफुलाच्या भाऊबंदांवर जगतं, आणि ते दगडफूल जळालं काय किंवा तुडवलं गेलं काय, परत यायला काही दशकं लागतात. एवढ्यापुरतं दोन्ही सारखंच. पण रस्त्यावरून लांडगे सहज आत शिरतात. कॅनडाच्या केंद्र सरकारनं २०१२ च्या कॅरिबू संवर्धन योजनेत हा फरक हिशेबात धरला. वणव्याची जागा ४० वर्षं ‘विस्कळीत’ धरायची, आणि तेवढीच. माणसानं केलेली प्रत्येक तोड, रस्ता, तेलशोधाची पट्टी मात्र भोवतीच्या ५०० मीटरसह धरायची. कॅरिबूचा कळप तगण्याची शक्यता ६० टक्के हवी असेल तर त्याच्या टापूतला ६५ टक्के भाग अविस्कळीत असला पाहिजे, असं ती योजना सांगते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात तेलशोधासाठी काढलेल्या सरळ पट्ट्या कित्येक दशकांनंतरही मोकळ्याच आहेत. तिथे मातीचे उंचवटे करून रोपं लावतात आणि लांडग्यांची वाट अडावी म्हणून आडवे बुंधे टाकतात. हातानं केलेली लागवड अशा जागी खरोखर गरजेची आहे.

इथपर्यंत वाचून ‘वणव्याला हात लावू नका, तोडीची भरपाई करा’ असा सोपा नियम निघतो. पन्नास वर्षांपूर्वी तो बऱ्यापैकी चालला असता. आता हवामान बदलल्यामुळे वणव्याचंच गणित बिघडतंय. काळ्या स्प्रूसच्या शेंड्यावर पुरेसं बी साठायला काही दशकं जावी लागतात. त्याआधीच दुसरी आग आली तर पेरायला काही उरलेलंच नसतं. आग फार खोलवर गेली तर शेवाळाचा थर पातळ होण्याऐवजी पूर्ण संपतो. मग उघड्या मातीवर वाऱ्यानं आलेलं बर्च-ॲस्पेनचं बारीक बी आधी जागा धरतं आणि स्प्रूस मागे पडतो. जिथे खाली गोठलेली जमीन आहे तिथे शेवाळाचं पांघरूण गेल्यावर तीही वितळू लागते. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या २०१४ च्या वणव्यांनंतर असं दिसलं की ६० वर्षांपेक्षा तरुण जंगलं पुन्हा जळाली तेव्हा त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आधीच्या आगींतून वाचलेला मातीतला जुना कार्बनही हवेत गेला.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उत्तर अमेरिकेतल्या १९८९ ते २०१४ मधल्या ५८ वणव्यांनंतरच्या जागा तपासल्या होत्या. बहुतेक वणव्यांनंतर, ६२ टक्के, काळा स्प्रूस स्वतःहून सावरला होता. पण स्प्रूसच्या ११४० जागांपैकी १८ टक्के जागांवर त्याचं एकही नवं रोप नव्हतं. हे दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. पहिला सांगतो की वणव्यानंतर घाईनं फावडी घेऊन धावू नका. दुसरा सांगतो की काही जागांवर आता वाट बघून उपयोग नाही. त्यातही स्प्रूसच परत आणायचा की ॲस्पेनला येऊ द्यायचं, हा जागेनुसार ठरवायचा प्रश्न आहे. अलास्कात अशा बदललेल्या जंगलांत पुढे जास्त कार्बन साठत असल्याचं दिसलं आहे. पण दगडफूल खाणाऱ्या कॅरिबूला ॲस्पेनचं जंगल उपयोगाचं नाही.

लावायचंच ठरलं तर बी कुठलं, हाही प्रश्न आता सरळ राहिलेला नाही. ‘स्थानिक बी उत्तम’ हा वनखात्यांचा जुना नियम. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं २००९ पासून दक्षिण युकॉनपासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत १५ जातींच्या चाचण्या लावल्या आणि २०१८ पासून बी निवडण्याचे नियम हवामानावर बेतायला सुरुवात केली: आज इथे काय उगवतं यापेक्षा झाड मोठं होईल तेव्हा इथलं हवामान कुठल्या बियांना मानवेल, हे बघायचं.

आणि एक अडचण कायद्याची. कॅनडात सरकारी जमिनीवर तोड केली की तिथे पुन्हा जंगल उभं राहील हे पाहणं सक्तीचं असतं, आणि ते काम बहुतेक ठिकाणी तोडणाऱ्या कंपनीवर येतं. नैसर्गिक वणव्यात जळालेल्या जागेची अशी जबाबदारी सहसा कोणावरच नसते. त्यामुळे लागवडीचा पैसा, रोपं आणि माणसं ठरलेल्या वाटेनं तोडीच्या जागांकडे जातात, आणि बी संपलेल्या त्या १८ टक्क्यांसारख्या जागांसाठी दरवेळी वेगळा निधी मागावा लागतो. त्या जागा शोधायलाही आग विझल्यावर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन, गुडघे टेकून, रोपं मोजावी लागतात. उपग्रहाला बोटभर स्प्रूस दिसत नाही. मोजणीनंतर बी हवं, आणि ते जून झाडांवरूनच गोळा करावं लागतं, जी झाडं दर उन्हाळ्यात कमी होताहेत. म्हणून बियांचा साठा आणि मोजणीची माणसं यांची तरतूद वणव्याच्या आधीच्या अंदाजपत्रकात असायला हवी.