सोलापूरच्या उन्हाचं मूळ

मे महिन्यात सकाळी दहालाच आमच्या गच्चीवर पाय ठेववत नाही. सकाळी घातलेल्या कुरडयांचे काठ दुपारपर्यंत कडक होतात, उचलल्या की करकर वाजतात. आजी म्हणायची, "आज सूर्य नुसता पेटलाय बघ." सोलापुरात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पण सूर्य पेटलेला नाही. तो कोळशाचा गोळा असता, तर काही हजार वर्षांत विझला असता. गेली साडेचार अब्ज वर्षं तो तळपतोय, ते अणुकेंद्रकांच्या संमीलनावर (फ्यूजनवर), म्हणजे हलकी केंद्रकं जुळून जड केंद्रक होण्यावर. सूर्यात हायड्रोजन जुळून हेलियम होतो.

हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन. संमीलनासाठी असे दोन प्रोटॉन जुळायला हवेत, पण दोन्ही धनभारित, त्यामुळे ते एकमेकांना लोटतात. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान असूनही हा विरोध मोडून काढण्याइतका वेग त्यांना सहसा मिळत नाही. पण पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) नियमांनुसार एखादा कण क्वचित त्या अडथळ्यातून आरपार जातो. ही वाट भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमो यांनी १९२८ मध्ये दाखवली.

एवढ्यानंही भागत नाही. भेटीच्या त्याच क्षणी दोघांपैकी एकाला न्यूट्रॉन, म्हणजे विद्युतभार नसलेला कण, व्हावं लागतं, नाहीतर जोडी टिकत नाही. हे इतकं दुर्मीळ, की गाभ्यातला प्रोटॉन सरासरी काही अब्ज वर्षं ताटकळतो! एकदा जमलं की तयार झालेलं ड्युटेरियम (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन असलेला जड हायड्रोजन) काही सेकंदांत तिसरा प्रोटॉन पकडतं. त्यातून तीन कणांचं हेलियम-३ होतं, आणि अशी दोन केंद्रकं मिळून हेलियम-४, म्हणजे नेहमीचा हेलियम, घडतं. दोन प्रोटॉन पुन्हा सुटे होतात.

चार हायड्रोजन अणूंचं वस्तुमान ४.०३१ एकक, हेलियमचं ४.००३. मधली तूट म्हणजे ऊर्जा. सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन खर्ची पडतो आणि त्यातल्या जवळपास ४० लाख टनांची ऊर्जा होते. मला थक्क करतं ते पुढचं: गाभ्याच्या एका घनमीटरमधून ३०० वॅटही निघत नाहीत. आकारमानाच्या मानानं माणसाचं अंग त्याहून जास्त उष्णता देतं. आपल्याला चटका बसतो, तो सूर्याच्या अवाढव्यपणामुळे.

म्हणूनच पृथ्वीवर सूर्याची हुबेहूब नक्कल करून वीज मिळणार नाही. शास्त्रज्ञ ती रेंगाळणारी पायरीच गाळतात आणि ड्युटेरियम व ट्रिटियम (दोन न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन) घेतात. त्यांच्यात न्यूट्रॉन आधीच असतात. सूर्यासारखा दाब मात्र आपल्याकडे नाही, म्हणून तापमान दहापट, सुमारे १५ कोटी अंश लागतं. इतका तप्त प्लाझ्मा, म्हणजे केंद्रकं आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, भांड्याला टेकू द्यायचा नाही, चुंबकीय क्षेत्रात तरंगत ठेवायचा. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' या टोकामॅकवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा धरून ठेवणाऱ्या कड्यासारख्या यंत्रावर, १९८९ पासून प्लाझ्मा कोंडण्याचाच हा अभ्यास होत आला आहे.