चिखलाचे शिंतोडे आणि पाण्यावर मारलेला दगड

मे महिन्याची सुट्टी संपून शाळा भरल्या, त्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या तिठ्यावर बसथांब्यासमोर रस्ता खोलगट झाला आहे. केबल टाकायला खणला, घाईघाईने बुजवला आणि पहिल्याच पावसात पुन्हा खचला. तिथे तांबडे पाणी साचते. सात-आठ वर्षांची एक मुलगी आईचा हात धरून उभी होती. गणवेशाचा पांढरा शर्ट कोरा करकरीत. येणाऱ्या बहुतेक गाड्या हळू होत होत्या. दुधाच्या टेम्पोवाल्याने तर हात बाहेर काढून त्यांना मागे सरा म्हणून खूण केली. मग एक मोठी गाडी आली. समोरून काही येत नव्हते, उजवीकडे अख्खा रस्ता मोकळा होता. गाडी डावीकडे वळली, चाक पाण्यात घातले आणि वेग न मोडता निघून गेली. पाणी मुलीच्या डोक्यावरून गेले. आईने पदराने आधी तिचे डोळे पुसले, मग कान, मग दप्तर उघडून एकेक वही पाहिली. त्या दिवशी ती मुलगी शाळेत गेली नाही.

तांबड्या मातीचा डाग पांढऱ्या कापडावरून पुरता कधी जात नाही, हे गोव्यात कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

अशा चालकाला शिक्षा व्हावी का, हा विषय दर पावसाळ्यात निघतो आणि चतुर्थीपर्यंत विरून जातो. ‘कायद्यात याला जागाच नाही’ असे त्यावर हमखास ऐकू येते. जागा आहे, आणि ती मोटारगाडी जन्माला येण्याच्या आधीची आहे.

भारतीय दंड संहिता 1860 साली संमत झाली आणि 1 जानेवारी 1862 पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाली. ‘बळ’ कशाला म्हणायचे हे तिच्या 349 व्या कलमात होते. स्वतःच्या हाताने दिलेला धक्काच तेवढा बळ नव्हे. एखादी वस्तू हलवून ती दुसऱ्याच्या अंगाला, त्याच्या कपड्यांना किंवा त्याच्या हातातल्या सामानाला लागेल असे करणे, हेही बळच. पुढच्या 350 व्या कलमात ‘फौजदारीपात्र बलप्रयोग’ येतो आणि तो समजावून सांगायला उदाहरणे दिली आहेत. त्यांत होडी आहे, रथ आहे, पालखी आहे. आणि एक दगड आहे. एक माणूस दगड फेकतो. तो दुसऱ्याला लागावा, किंवा पाण्यावर आपटून ते पाणी दुसऱ्याच्या कपड्यांवर उडावे, असा त्याचा हेतू आहे किंवा तसे होणार हे त्याला माहीत आहे. पाणी उडाले, समोरच्याची संमती नव्हती आणि त्याला इजा करण्याचा, घाबरवण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू होता, तर तो गुन्हा. दगडाच्या जागी टायर ठेवून पाहा. आमच्या तिठ्यावर घडले ते या उदाहरणाबाहेर कुठेच जात नाही.

गोव्याला हा कायदा उशिरा मिळाला. इथे पोर्तुगीज राज्य, आणि पोर्तुगालची 1886 ची दंड संहिता. त्याच 1886 साली जर्मनीत कार्ल बेंझने मोटारगाडीचे पेटंट घेतले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या नियमनांमधून भारतीय कायदे टप्प्याटप्प्याने इथे आले. दगडाचे उदाहरणही त्यांच्याबरोबर आले. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले, फौजदारीपात्र बलप्रयोग आता 129 व्या कलमात आहे, पण दगड आणि पाणी तिथेही आहेतच.

मग खटले का होत नाहीत? या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तो अदखलपात्र. पोलीस तक्रार नोंदवून घेतील, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. भिजलेल्या माणसाला त्या दिवशी कामावर पोचायचे असते. चिखलाने माखलेल्या पंजाबी ड्रेसवर पोलीस स्टेशनची पायरी चढा, तिथून कोर्टात जा, साक्षीदार शोधा, हे कोण करील?

चिखल उडू नये ही काळजी खुद्द वाहन बनवणाऱ्यांना फार पूर्वीपासून होती, आतल्या माणसांपुरती. घोडागाडीच्या पुढच्या बाजूला एक फळी बसवत, घोड्यांच्या खुरांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांवर येऊ नये म्हणून. तिचे नाव डॅशबोर्ड. आज त्याच नावाच्या जागी आपण गाडीत देवाची छोटी मूर्ती ठेवतो. गाडीतल्या माणसाची सोय शंभर वर्षांत कुठल्या कुठे गेली. काचा वर गेल्या, एसी आला, चाकाखालचे पाणी आत ऐकूही येत नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे छत्री होती, आजही छत्रीच आहे, आणि ती वरच्या पावसासाठी असते, आडव्या पाण्यासाठी नव्हे.

बाहेरच्या माणसाचा विचार कायद्याने कुठे केला, हे पाहायला ब्रिटनमध्ये जावे लागते. तिथल्या 1930 च्या रोड ट्रॅफिक अॅक्टने धोकादायक गाडी चालवणे हा एक गुन्हा ठरवला आणि त्याच्याखाली आणखी एक पायरी ठेवली: निष्काळजीपणे, किंवा रस्ता वापरणाऱ्या इतरांचा वाजवी विचार न करता गाडी चालवणे. इथे कोणी जखमी होण्याची गरज नाही, जीव धोक्यात येण्याचीही नाही; दुसऱ्याची गैरसोय झाली एवढे पुरते. तोच गुन्हा आज त्यांच्या 1988 च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे आणि तिथल्या सरकारी अभियोग खात्याच्या मार्गदर्शनात त्याचे उदाहरण म्हणून डबक्यातून गाडी नेऊन पादचाऱ्यांवर पाणी उडवणे असे स्पष्ट लिहिले आहे. ऑगस्ट 2013 पासून अशा चालकाला पोलीस जागच्या जागी 100 पौंडांचा दंड आणि परवान्यावर तीन दंडगुण लावू शकतात.

आपल्याकडे 1914 मध्ये पहिला देशव्यापी मोटार कायदा आला, 1939 मध्ये दुसरा. 1939 च्या कायद्यात ‘लोकांना धोकादायक’ अशा रीतीने गाडी चालवण्याचा गुन्हा होता. ब्रिटनची खालची पायरी, इतरांचा विचार न करणे, ती काही आली नाही. माझ्या मते आजच्या अडचणीचे मूळ इथे आहे. चिखल उडाल्याने कुणी मरत नाही, म्हणून तो ‘धोकादायक’ ठरत नाही, आणि धोकादायक नाही म्हणून मोटार कायद्याच्या दृष्टीने काही घडलेच नाही. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यातही धोकादायक गाडी चालवण्याचे 184 वे कलम तीस वर्षे तसेच राहिले.

2019 च्या दुरुस्तीने मात्र त्यात काही शब्द वाढवले, आणि त्यांच्याकडे लक्ष जायला हवे. गाडीतल्या माणसांना, रस्ता वापरणाऱ्या इतरांना आणि रस्त्याजवळच्या व्यक्तींना भीती किंवा मनस्ताप वाटेल अशा रीतीने गाडी चालवणे, हेही आता 184 खाली येते. पहिल्या वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. गोवा सरकारने नवे दंड बराच काळ लांबणीवर टाकले. ‘आधी खड्डे बुजवा, मग दंड घ्या’ अशी लोकांची मागणी होती. ते 2022 मध्ये इथे लागू झाले. डोक्यावरून चिखलाचे पाणी गेलेल्या मुलीला मनस्ताप झाला की नाही, याचा पुरावा वेगळा कशाला हवा? पण कलमाच्या स्पष्टीकरणात सिग्नल तोडणे, हातात मोबाईल धरणे, उलट्या दिशेने येणे अशी नावे आहेत. डबक्याचे नाव नाही. ज्याचे नाव नाही त्याचे चलन फाडायला रस्त्यावरचा हवालदार सहसा धजत नाही.

जपानने हा गुंता सरळ कापला. त्यांच्या वाहतूक कायद्याच्या 71 व्या कलमात चालकाच्या कर्तव्यांमधले पहिलेच कर्तव्य हे आहे: चिखलातून किंवा डबक्यातून जाताना चिखलरोधक लावा किंवा हळू जा, पण दुसऱ्याला त्रास होऊ देऊ नका. मोडले तर साध्या मोटारीला 6 हजार येन, मोठ्या वाहनाला 7 हजार. मुद्दाम केले का, हा प्रश्न तिथे येतच नाही. हळू जाणे हे कर्तव्य, ते केले नाही, दंड भरा.

मला हा मार्ग पटतो, आणि तो पटण्याचे कारण चालकांशीच झालेले बोलणे आहे. आमच्या शेजारी एक काका वीस वर्षे मिनीबस चालवत होते. ते म्हणाले, ‘पाण्याखाली किती खोल आहे कळत नाही रे. समोरून ट्रक आला की डावीकडे घ्यावीच लागते.’ खरे आहे. काळोखात, धो धो पावसात, मागून हॉर्न वाजत असताना चाक डबक्यात गेले तर त्या माणसाला गुन्हेगार म्हणणे अन्याय होईल. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. माणूस दिसत असूनही वेग कमी केला नाही, त्याला दंड. रस्ता मोकळा असताना माणसाच्या अंगावर पाणी जावे म्हणून गाडी वळवली, त्याला 1860 पासून असलेले फौजदारी कलम. काकांनाच मी विचारले, मुद्दाम उडवणारा ओळखू येतो का? ते लगेच म्हणाले, ‘येतो. तो आरशात बघतो.’

हेतू सिद्ध करणे पूर्वी अशक्यच होते. आता गाडीत कॅमेरे असतात, प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. कॅनडात ओटावा शहरात जुलै 2018 मध्ये एका व्हॅनचा चालक एकामागून एक पादचाऱ्यांवर पाणी उडवत गेला. मागच्या गाडीच्या कॅमेऱ्यात ते सगळे टिपले गेले आणि त्याची नोकरी गेली. गोवा पोलिसांनीही 2017 च्या अखेरीस ‘ट्रॅफिक सेंटिनल’ योजना काढली होती. वाहतूक नियम मोडणाऱ्याचा फोटो किंवा व्हिडिओ नागरिकांनी पाठवायचा आणि त्याबद्दल गुण मिळवायचे. हेल्मेट नसलेले, चुकीच्या जागी गाडी लावलेले सापडले. लोकांचा रोषही पुष्कळ झाला, कारण शेजाऱ्याने शेजाऱ्याचा फोटो काढणे गावात कुणाला रुचत नाही.

या राज्यात सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे चिखल आपल्याला परका नाही. माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्ण देवळासमोरच्या मैदानात चिखलकाला होतो. अंगाला तेल चोळून लहानथोर चिखलात उतरतात, एकमेकांना लोळवतात, ओढतात, आणि भिजलेल्या आयाबाया काठावरून हसत बघतात. तो चिखल प्रसादासारखा अंगावर घ्यायचा असतो. तिथे उतरणारा स्वतःच्या पायाने उतरतो. ‘संमतीशिवाय’ हा एक शब्द कायद्याने का घातला, ते माशेलच्या मैदानाजवळून जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले की नीट समजते.

पायी चालणाऱ्याला इथे उभे राहायला जागा किती, हेही पाहिले पाहिजे. गोव्याचे बरेचसे रस्ते जुन्या गाडीवाटांचे रुंद केलेले रस्ते. एका बाजूला घराचा गडगा, दुसऱ्या बाजूला उघडे गटार, मधे डांबर. रुंदी वाढली ती गाड्यांसाठी. उसगाव, सावर्डे, कुडचडे या भागांत खाणीचे ट्रक रांगेने धावत, तेव्हा पावसाळ्यात खनिजाचा लाल गाळ घरांच्या पडव्यांपर्यंत येई आणि रस्त्याने चालणारी मुले गटारात उतरून उभी राहत. 2012 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा तिथल्या रस्त्यांवरून चालता येऊ लागले. घरातली मिळकत मात्र गेली, आणि हे दुःख साधे नव्हते. पणजीत 2016 नंतर स्मार्ट सिटीची कामे आली. खणलेले रस्ते उन्हाळ्यात धूळ आणि पावसात राड झाले, आणि 2024 मध्ये धुळीचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानून सगळ्या राज्यांना त्याविषयी मार्गदर्शक सूचना आखायला सांगितले.

काही जण यावर म्हणतात, खड्डा सरकारचा, मग दंड चालकाला का? खड्ड्याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. 2019 च्या दुरुस्तीत रस्त्याच्या सदोष कामासाठी ठेकेदाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. पण ती मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच. भिजलेल्या मुलीसाठी ती नाही. आणि खड्डा कुणाचाही असो, स्टिअरिंग सरकारच्या हातात नसते.

राज्याला करता येण्यासारखे काम लहान आहे. माणसे उभी असलेल्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून वेगाने गाडी नेणे, असे डबक्याचे नाव घेऊन वाहतूक पोलिसांना लेखी आदेश द्यावा आणि पावसाळ्याचे चार महिने शाळांजवळच्या थांब्यांवर तो पाळून घ्यावा. देशाच्या 2017 च्या वाहनचालन नियमांत पादचारी, सायकलस्वार, मुले आणि वृद्ध यांची खास काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावर आधीच घातलेले आहे. त्याला धरून असा आदेश निघू शकतो.

आमच्या तिठ्यावरची मुले आता थांब्यात उभी राहत नाहीत. दहा पावले मागे फणसाच्या झाडाआड थांबतात, बस दिसली की धावत येतात. ती मुलगीही त्यांच्यात असते. तिच्या दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला आणखी एक शर्ट असतो, असे तिची आई परवा सांगत होती.