इंजिन उलटं धावतं तेव्हा

ट्रक मागे घ्यायचा तर रिव्हर्स गिअर टाकावा लागतो. रेल्वेच्या मेन लाइनवरच्या डिझेल किंवा विजेच्या इंजिनात असा गिअर नसतोच. डब्ल्यूडीएम-3ए या इंजिनातलं 16 सिलिंडरचं डिझेल यंत्र गाडी पुढे जावो वा मागे, एकाच दिशेने फिरतं. त्याचं काम अल्टरनेटर फिरवून वीज तयार करणं एवढंच. चाकं फिरवतात त्या सहा ॲक्सलवरच्या सहा ट्रॅक्शन मोटर, आणि दिशा बदलायची असते ती त्यांची.

या इंजिनात, तसंच डब्ल्यूएजी-5 आणि डब्ल्यूएपी-4 या विजेच्या इंजिनांत, डीसी सिरीज मोटर असतात. त्यात फील्ड (चुंबकक्षेत्र तयार करणारी स्थिर गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) एकापाठोपाठ जोडलेले असल्याने दोन्हींतून तोच प्रवाह जातो. त्यामुळे मोटरला येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल केली तरी मोटर उलटी फिरत नाही. चुंबकक्षेत्र उलटतं, आर्मेचरमधला प्रवाहही उलटतो आणि बल होतं त्याच दिशेला राहतं. दोन्हींपैकी एकच उलटवावं लागतं. इंजिनात फील्ड उलटवतात आणि ते काम रिव्हर्सर नावाचा, दाबाखालच्या हवेवर चालणारा मोठा स्विच करतो.

रिव्हर्सरचे संपर्क शेकडो अँपिअर वाहून नेतात, पण चालू प्रवाह तोडण्यासाठी ते बनवलेले नाहीत. तोडायला गेलं तर ठिणगीने जळतील. म्हणून थ्रॉटल (ताकद कमी-जास्त करणारा हँडल) शून्यावर आल्याशिवाय दिशेचा हँडल हलत नाही, असा अडसर यंत्रातच ठेवलेला असतो.

गाडी पूर्ण थांबलेली असणं त्याहून महत्त्वाचं. फिरत्या मोटरमध्ये उलट विद्युतदाब तयार होतो आणि तोच एरवी प्रवाहाला आवर घालतो. गाडी पुढे धावत असताना फील्ड उलटवून नॉच घेतला, म्हणजे मोटरला वीज दिली, तर हा दाब विरोध सोडून पुरवठ्यात मिळतो. प्रवाह एकदम उसळतो, कम्युटेटरवर (आर्मेचरला प्रवाह पोचवणाऱ्या फिरत्या संपर्कांवर) फ्लॅशओव्हर, म्हणजे मोठी ठिणगी, होतो, चाकं घसरतात आणि त्यांच्या गोलाईवर सपाट चट्टे पडतात.

दोन इंजिनं पाठीला पाठ लावून जोडली की पुढच्याचं ‘फॉरवर्ड’ हे मागच्याचं ‘रिव्हर्स’ असतं. जोडकेबलमध्ये या दोन आज्ञांच्या तारा त्यासाठीच एकमेकींना ओलांडतात. शेडमध्ये मोटर बदलल्यावरही तिच्या फिरण्याची दिशा तपासावीच लागते. एका मोटरच्या फील्डच्या तारा उलट लागल्या, तर तो ॲक्सल बाकी पाचांच्या विरुद्ध ओढतो.

डब्ल्यूएपी-7 आणि डब्ल्यूएजी-9 मध्ये थ्री-फेज मोटर आल्या आणि रिव्हर्सर गेला. इन्व्हर्टर (मोटरला थ्री-फेज वीज पुरवणारं उपकरण) तीनपैकी दोन फेजचा क्रम बदलतो, की मोटर उलटी. जळायला संपर्कच उरत नाहीत. ही फार मोठी सोय आहे.

उलट धावताना या इंजिनांची ताकद कमी होत नाही. अडचण दिसण्याची असते. डब्ल्यूडीएम-2 ला एकच कॅब, पण तिच्यात दोन दिशांसाठी दोन कंट्रोल स्टँड. लाँग हूड पुढे असला की लोको पायलटसमोर डिझेल यंत्राचं लांबलचक घर येतं. वळणावर पलीकडच्या बाजूचा सिग्नल सहायकाला पाहून सांगावा लागतो. डब्ल्यूडीपी-4डी ला दोन्ही टोकांना कॅब दिली ती यावरचा उपाय म्हणून.

दौंडला गाडीची दिशा बदलते तेव्हा दोन कॅबचं विजेचं इंजिन वळवावं लागत नाही. ते सुटून दुसऱ्या टोकाला लागतं आणि लोको पायलट कॅब बदलतो. जुन्या डब्ल्यूएपी-4 मध्ये तो एमपी (ताकदीचा हँडल) शून्यावर आणतो, एमपीजे (दिशेचा हँडल) शून्यावर ठेवतो, बीएल (कंट्रोल चालू करणारी) चावी काढतो आणि सोडलेल्या कॅबमधले ए-9 (गाडीचा ब्रेक) व एसए-9 (इंजिनाचा ब्रेक) यांचे कॉक बंद करतो. शेवटची पायरी चुकली तर धोका मोठा. सोडलेल्या कॅबमधला ए-9 रिलीजवर (ब्रेक सोडण्याच्या स्थितीत) उघडा राहिला, तर ब्रेक पाइपमध्ये 5 किलोचा दाब भरतच राहतो. पुढून ब्रेक लावला तरी दाब हवा तसा उतरत नाही. म्हणून नव्या कॅबमधून ए-9 ने दाब उतरवायचा, गेजचा काटा खाली येतो का ते पाहायचं, आणि मगच नॉच घ्यायचा.