लोपी आयडल

लोपी आयडल : ॲक्सिलरेटर न दाबता उभ्या गाडीचे इंजिन एकसारखे न फिरता ठेचकाळत, धडधडत चालावे, अशा बेताने केलेली इंजिनाची जुळणी. ती कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडमीट करणारा दांडा, थोडक्यात ‘कॅम’) बदलून करतात किंवा अलीकडे इंजिनाच्या संगणकातील आकडे बदलून. प्रकार मूळचा अमेरिकेतला. तिथल्या व्ही-८ इंजिनांशी आणि घरच्या गॅरेजात गाड्या फेरफारण्याच्या हौसेशी तो जोडलेला आहे.

उगमाबद्दल दोन मते आढळतात. १९३२ मध्ये फोर्डने स्वस्त व्ही-८ बाजारात आणल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांवर वेगाच्या चाचण्या जोरात सुरू झाल्या. कॅम घासून देणारे एड विनफील्ड यांच्यासारखे कारागीर त्याआधीपासून होते. दुसऱ्या महायुद्धानंतर एड इस्केंडेरियन यांचे नाव झाले. त्यामुळे काही जण हा आवाज तलावांच्या काळातला मानतात. इतर त्याला १९५० च्या दशकातील ड्रॅग शर्यतींशी (उभ्या गाडीपासून सुरू होणाऱ्या सरळ, छोट्या अंतराच्या), विशेषतः १९५५ च्या शेव्हर्लेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिनानंतरच्या काळाशी जोडतात. दुसरे मत अधिक पटते. तीव्र, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारे, कॅम जुनेच. पण तलावावर गाडी लांबवर सुसाट सोडायची असे, आयडल कोण ऐकतो? ड्रॅग शर्यतीत मात्र गाडी सुरुवातीच्या रेषेवर आणि रस्त्यावर सिग्नलला उभी राहते. आवाजाला प्रतिष्ठा आली असेल तर ती तिथेच. पुढे कारखान्यांनीही असे कॅम दिले. १९६४ च्या कॉर्व्हेटमधील ३६५ अश्वशक्तीच्या ३२७ घनइंची इंजिनातला ‘डंटॉव्ह ३०-३०’ हा त्यातला प्रसिद्ध. इनटेक (मिश्रण आत घेणारा) व एक्झॉस्ट (जळालेला वायू बाहेर सोडणारा) दोन्ही व्हॉल्व्हना ०.०३० इंच फट ठेवायची, म्हणून ते नाव. तोच पुढे कॅमारो झेड/२८ मध्ये आला.

कारणमीमांसा : एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधी इनटेक उघडतो, दोन्ही एकाच वेळी उघडे असण्याच्या या काळाला ओव्हरलॅप म्हणतात. दोन्ही व्हॉल्व्हचा उघडा काळ क्रँकशाफ्टच्या २८० अंशांचा आणि लोबमधले (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या कॅमच्या उंचवट्यांमधले) अंतर कॅमशाफ्टच्या ११० अंशांचे असेल, तर ओव्हरलॅप ६० अंश येतो. तेच अंतर १०६ केले तर ६८, ११४ केले तर ५२. इंजिन वेगात फिरताना हा काळ फायद्याचा ठरतो. आयडलला मात्र थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद, मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम. जळालेला वायू उलटा आत ओढला जातो. साध्या इंजिनातही हलक्या भारावर सिलिंडरमध्ये सुमारे २० टक्के जुना वायू उरतो, इथे त्याहून जास्त. मिश्रण पातळ होते, एखादा स्फोट अर्धवट होतो, न जळलेले पेट्रोल व हवा पुढच्या फेऱ्याला मिळून तो जोरात होतो. लोप म्हणतात तो हाच.

इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटल्याने आत आलेले मिश्रण परत ढकलले जाते, हेच खरे कारण, असेही प्रतिपादन केले जाते. कमी फेऱ्यांवर ताकद का पडते, याचे ते चांगले उत्तर आहे. पण मिटण्याची वेळ तीच असताना थ्रॉटल जरा उघडला की ठेचकाळणे जाते. मॅनिफोल्डमधला दाब वाढून वायू उलटा येणे कमी होते, हे त्याचे सरळ स्पष्टीकरण.

व्ही-८ चा खास आवाज मात्र कॅमचा नव्हे. ९० अंशी घडणीच्या क्रॉसप्लेन क्रँकशाफ्टमुळे, उदा. शेव्हर्लेच्या १-८-४-३-६-५-७-२ या क्रमात, डाव्या रांगेतील स्फोटांमधली अंतरे २७०, १८०, ९० आणि १८० अंश अशी पडतात. कॅमचा विस्कळीतपणा या मुळातल्या असमान तालावर चढतो. क्रँकचे सारे हात एकाच प्रतलात असलेल्या फ्लॅट-प्लेन व्ही-८ मध्ये कितीही ओव्हरलॅप दिला तरी तो आवाज येत नाही.

जुळणी : व्हॅक्यूम पाऱ्याच्या १७–२१ इंचांवरून १०–१२ पर्यंत उतरतो, त्यामुळे ब्रेक बूस्टरला वेगळा पंप किंवा साठवण-डबा लागतो. फेरे मिनिटाला ६०० वरून ८५०–९०० वर न्यावे लागतात आणि आयडलचे इग्निशन (ठिणगीची वेळ) आगाऊ करतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवेसाठी थ्रॉटलची पट्टी जास्त उघडली तर ट्रान्सफर स्लॉट (पट्टीजवळची पेट्रोल सोडणारी चीर) उघडा पडतो आणि आयडलचे स्क्रू फिरवून काही फरकच पडत नाही. म्हणून जाणते मेकॅनिक पट्टी मागे घेऊन तिलाच बारीक भोक पाडतात. होलीच्या कार्ब्युरेटरात नेहमीचा ६.५ चा पॉवर व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम तितक्या इंचांपर्यंत घसरला की जादा पेट्रोल सोडणारा) असेल आणि व्हॅक्यूम त्याच्या आसपास घसरत असेल, तर आयडललाच जादा पेट्रोल सुटते. इंजेक्शनच्या गाडीत फसगत वेगळी : न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमधील तो मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत पोहोचतो, संगणक मिश्रणात पेट्रोल कमी समजून ते वाढवतो. मागे उभे राहिले तर वासाने डोळे चुरचुरतात. म्हणून आयडलपुरती सेन्सरची दुरुस्ती बंद ठेवण्याचा प्रघात आहे.

‘घोस्ट कॅम’ : कारखान्याचाच कॅम ठेवून फक्त संगणकातून आणलेला आवाज. आयडलचे फेरे उतरवायचे आणि फेरे सावरण्यासाठी इग्निशन मागेपुढे करणारी तजवीज इतकी तीव्र करायची, की इंजिन स्थिरावतच नाही. फोर्ड मस्टँगमध्ये हा प्रकार बोकाळला. २००५–१० च्या ४.६ लिटर इंजिनात दोन्ही व्हॉल्व्हचे लोब एकाच कॅमशाफ्टवर असल्याने ओव्हरलॅप बदलत नाही. २०११ च्या ५.० लिटर इंजिनात मात्र दोन्ही कॅम स्वतंत्र सरकतात. ताकदीत वाढ शून्य. फेरे फार उतरवले तर तेलाचा दाब पडतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर न जळलेल्या पेट्रोलाचा मारा होतो.

महाराष्ट्रात जुन्या ओतीव लोखंडी बुलेटचे आयडल ठोके मोजता येतील इतके संथ ठेवण्याची हौस दिसते. त्यामागे एकच सिलिंडर, ९० मिमी.चा लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील आहे. ओव्हरलॅपशी संबंध नाही. भारतात पेट्रोल गाड्यांच्या पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आयडलवरही मोजतात, त्यामुळे मोठ्या ओव्हरलॅपचा कॅम तिथेच अडतो.