जिवंत खडक कापताना

समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी आणलेला खडक काचेत मावेना, की हात आपसूक हातोड्याकडे जातो. घाव घालण्याआधी तो खडक पाण्यातच ठेवून रात्री टॉर्चच्या उजेडात बघावा. भेगांतून केसाळ, वळवळते हात बाहेर आलेले दिसतील. ते भंगुरताऱ्याचे, म्हणजे तारामाशाच्या एका नातलगाचे असतात. शेजारी सुतासारखे किडे आणि नखाएवढा स्पंजही सापडेल.

‘लाइव्ह रॉक’ म्हणजे मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे मोडून, साचून, पुन्हा सांधून तयार झालेला कॅल्शियम कार्बोनेटचा जाळीदार गोळा. आपल्याला तो हवा असतो त्या जाळीसाठी. मासे अमोनिया सोडतात आणि तो त्यांच्यासाठीच विषारी असतो. खडकाच्या पृष्ठभागावरचे जीवाणू ऑक्सिजन वापरून त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आतल्या पोकळ्यांत ऑक्सिजन पोचत नाही. तिथले जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. जकार्तात समुद्री मासे पाळणारे ली चिन एंग यांनी १९६१ साली असे टँक जगापुढे मांडले, तेव्हा त्यात जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढाच काय तो सरंजाम होता.

खडक फोडला की हा आतला अंधारा कप्पा उघड्यावर येतो. म्हणून माझं ठाम मत आहे की घाव कमीत कमी घालावेत आणि तुकडे मोठे ठेवावेत. खडकाची खडी केली तर पृष्ठभाग वाढतो, पण ऑक्सिजनविरहित गाभा उरतच नाही.

हा खडक ज्या खनिजाचा, ते ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचंच एक रूप) फार कठीण नसतं. कठीणपणा मोजणाऱ्या मोह्‌सच्या एक ते दहाच्या मापावर ते साडेतीन ते चार भरतं, त्यामुळे पोलादी छिन्नीला ते सहज दाद देतं. अडचण असते ती आतल्या पोकळ्यांची, कारण तडा कुठे जाईल याचा नेम नसतो. खडक जिथे निमुळता होतो तिथे भोवताली हलके ठोके देत रेघ पाडावी आणि मग त्या रेघेवर छिन्नी टेकवावी. एकच जोरदार घाव घातलात तर खडक भलत्याच जागी फुटतो. बूड सपाट करायचं असेल तर करवत बरी, कारण डुगडुगणारा खडक एखाद दिवशी काचेवर कोसळतो.

ग्राइंडर मात्र मी जिवंत खडकाला लावू देणार नाही. खडकावर बटणांसारखे चिकटलेले झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे नातलग जीव असू शकतात आणि त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. हे विष हवाई बेटांवरच्या अशाच एका जीवातून वेगळं केल्याचं १९७१ मध्ये जाहीर झालं आणि आजही ते अत्यंत जहाल विषांत गणलं जातं. फिरत्या चकतीने उडणारे तुषार श्वासातून किंवा डोळ्यांत गेले, तर गाठ जिवाशी असते. याच कारणाने असा खडक कधी उकळू नये. छिन्नी वापरतानाही गॉगल आणि जाड हातमोजे हवेतच.

काम चालू असताना खडकावर टँकचंच पाणी शिंपडत राहावं. नळाचं गोडं पाणी पेशींत शिरून त्या फोडतं. स्पंज तर हवेत फार वेळ राहिला की त्याच्या छिद्रांत हवा अडकते आणि तो मरतो.

कापलेला खडक लगेच टँकमध्ये टाकण्याचा मोह आवरायला हवा. जखमी जीव कुजतात आणि अमोनिया वाढतो. समुद्री टँकच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो. पाणी जितकं अल्कधर्मी, तितका अमोनियाचा विषारी रूपातला हिस्सा वाढतो. म्हणून वेगळ्या टबात खारं पाणी, हीटर आणि पंप लावून खडक काही आठवडे मुरू द्यावा. कुजका वास येणारे भाग ब्रशने घासून काढावेत आणि अधूनमधून पाणी बदलावं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकले, की खडक तयार.

कापलेली बाजू पांढरीफटक दिसते आणि सुरुवातीला ती फार खुपते. ती मागे वळवून लपवू नका, उजेडात ठेवा. काही महिन्यांनी तिच्यावर मोहरीएवढे गुलाबी-जांभळे ठिपके उमटतात. ते चुनखडीचं शेवाळ असतं. ठिपके पसरत एकमेकांना भिडतात आणि घाव कुठे घातला होता ते शोधावं लागतं.