टाकीचा श्वास कोंडला की पेट्रोलच उकळलं? जुन्या गाडीतला व्हेंटचा बिघाड आणि व्हेपर लॉक

पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर वीस-पंचवीस मिनिटं झकास चालते. मग ओढ कमी होते, गाडी झटके मारायला लागते आणि अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी बंद पडते. दहा मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये नेलं की बहुतेकदा ‘एसी पंप (इंजिनावरचा पेट्रोलचा पंप) गेला’ असं सांगून नवा पंप बसवला जातो, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. या लक्षणामागे दोन अगदी वेगळी कारणं असतात. एक, टाकीत हवा जाण्याची वाट, म्हणजे व्हेंट, चोंदलेली. दुसरं, पंपाच्या आसपास पेट्रोलची वाफ होऊन पाइपात अडकलेली, म्हणजेच व्हेपर लॉक. दोन्हींत पंपाला द्रव पेट्रोल मिळत नाही, म्हणून गाडी एकसारखीच वागते. इलाज मात्र गाडीच्या दोन टोकांना आहेत.

या गाड्यांत टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाच्या अंगाला असतो. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा हा डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा) पंप टाकीतलं पेट्रोल मागून ओढून घेतो आणि पुढे कार्बोरेटरकडे ढकलतो. टाकीतून जितकं पेट्रोल जातं तितकी हवा आत यायला हवी. ती झाकणातल्या बारीक भोकातून किंवा टाकीच्या मानेजवळच्या ब्रीदर पाइपातून येते. ही वाट बंद झाली की पंप जणू तोंड दाबलेल्या बाटलीतून पाणी ओढत राहतो.

आता हिशोब बघा. ताशी ६० किलोमीटर वेग आणि लिटरला १२ किलोमीटर अ‍ॅव्हरेज धरलं, तर २० मिनिटांत साधारण १.७ लिटर पेट्रोल जळतं. टाकी ४० लिटरची आणि काठोकाठ भरलेली असेल, वर जेमतेम २ लिटर जागा असेल, तर ती जागा ३.७ लिटर होते. कोंडलेल्या हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. पेट्रोलची वाफ त्यातला काही भाग भरून काढते, पण पंपाची दमछाक व्हायला उरलेला पुरतो. तीच टाकी अर्धी असेल, तर २० लिटरची जागा २१.७ लिटर होते आणि दाब आठ टक्केही उतरत नाही. म्हणून व्हेंटचा बिघाड टाकी फुल केल्यावर लवकर दिसतो आणि टाकी अर्धी झाली की लपून बसतो. मालक म्हणतो, ‘त्या पंपावरचं पेट्रोलच खराब होतं.’ पेट्रोल ठीक असतं, टाकी भरलेली असते इतकंच.

व्हेपर लॉकचा संबंध लिटरशी नाही, तापमानाशी आहे. पेट्रोल एका ठरावीक तापमानाला उकळत नाही. त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंशांपासूनच वाफ व्हायला लागतात. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की त्यातल्या बऱ्याच घटकांबरोबर त्याहून कमी तापमानाला उडून जातं. म्हणून ई-२० पेट्रोलवर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, कार्बोरेटरच्या गाडीला उन्हाळा जास्त जाणवतो. मे महिन्यातली दुपार, समोर ट्रकची रांग, खंडाळ्याची किंवा कसाऱ्याची चढण, दुसरा गिअर, पंख्याला पुरेशी हवा नाही: अशा वेळी पंपातच बुडबुडे होतात. डायफ्रॅम हलत राहतो, पण वाफ दबते आणि पसरते, पुढे काहीच सरकत नाही. आणखी एक खूण म्हणजे गाडी चालताना ठीक असते. चहाला थांबून दहा मिनिटांनी निघायला जावं तर सुरूच होत नाही. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि बोनेटखालची उष्णता उलट वाढते.

रस्त्याच्या कडेला निदान करायला हत्यार लागत नाही. गाडी बंद पडली की लगेच, थंड व्हायची वाट न बघता, टाकीचं झाकण अगदी हळू सैल करा. जवळ विडी-सिगारेट नको. कान द्या आणि झाकणाच्या कडेशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. ‘सूंऽऽ’ आवाज येऊन पट्टी आत ओढली गेली तर टाकीत पोकळी झाली आहे. पट्टी बाहेर उडाली तर तो उन्हात तापलेल्या पेट्रोलचा दाब आहे, आणि त्याने गाडी अशी बंद पडत नाही. इथेच बरेच जण फसतात: आवाज ऐकला की व्हेंटला दोष देतात. आवाज कोणत्या दिशेचा, हे पाहिलंच पाहिजे. झाकण सैल केल्यावर थोडा स्टार्टर मारून गाडी लगेच उचलली, तर दोष व्हेंटचा.

झाकण उघडून काहीच फरक पडला नाही, तर जुन्या टॅक्सीवाल्यांचा उपाय करा: ओलं फडकं पंपावर आणि पंपाकडे येणाऱ्या पाइपावर गुंडाळा. दोन-तीन मिनिटांत गाडी सुरू झाली तर व्हेपर लॉक. फडकं पिळून घ्या. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर) गार पाणी पडलं तर बिडाला तडा जाऊ शकतो.

दोन्ही उपाय फसले, तर एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या घशात बघा आणि थ्रॉटल हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार जोरात दिसली तर फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, भरलेला आहे. मग ठिणगी देणारा कॉइल नाही तर कंडेन्सर तापून मान टाकतोय, पेट्रोलचा पिच्छा सोडा. धार नसेल तर टाकीतली जाळी गंजाच्या गाळाने बुजलेली असू शकते. तिची चाल व्हेंटसारखीच असते, कारण गाडी थांबली की गाळ खाली बसतो आणि वाट मोकळी होते. फरक इतकाच की झाकण उघडून तिला काही होत नाही.

व्हेंटच्या दुरुस्तीत पहिला संशयित झाकण. बाजारातलं कुलपाचं झाकण चपखल बसतं, पण ते पुष्कळदा बिनभोकाचं असतं, कारण ते वेगळा ब्रीदर पाइप असलेल्या गाडीसाठी बनवलेलं असतं. मूळ झाकणात रबरी वॉशर आणि त्यामागे स्प्रिंगवरचा छोटा व्हॉल्व्ह असेल, तर ई-२० ने वॉशर फुगून भोक झाकतो. झाकण काढून केरोसीनने धुवा आणि सुकवा. तोंड लावू नका. प्लास्टिकच्या सिरिंजने दोन्ही बाजूंनी हवा देऊन बघा.

ब्रीदर पाइप असेल, तर त्याचं बाहेरचं टोक शोधा. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीत तिथे कुंभारीण माशीचं घर हमखास सापडतं: तोंडाशी करड्या मातीचा बुच, आणि तो खरवडला की मागे मातीचा कोठा. पाइप टाकीच्या बाजूने सोडवा आणि हवा टाकीकडून बाहेर मारा. उलट मारलीत तर ती माती थेट टाकीत. त्यासाठी सायकलचा पंप पुरतो. चिकटलेलं असेल तर १ मिलिमीटर तांब्याची तार फिरवा आणि टोकाला बारीक पितळी जाळी बांधा. झाकणाला ड्रिलने भोक पाडण्याचा उद्योग आम्हाला पसंत नाही: पावसाचं पाणी आत जातं, ई-२० ते शोषतं आणि तळाला गंज धरतो. नंतरच्या, कोळशाच्या कॅनिस्टरच्या (टाकीतली वाफ शोषणाऱ्या डब्याच्या) गाडीत तर भोक पाडूच नये. तिथे नोझल कट झाल्यावरही वरून पेट्रोल ओतून घेतल्याने कोळसा भिजतो आणि वाट बंद होते.

व्हेपर लॉकसाठी आधी पंप आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधलं जाड, उष्णता अडवणारं पॅकिंग आहे का ते पाहा. पंप बदलताना ते फेकून पातळ कागदी गॅस्केट लावलेलं असतं, मग पंप ब्लॉकइतकाच तापतो. कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक पत्रा परत बसवा. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून किमान २५ ते ३० मिलिमीटर दूर ठेवा. इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे असेल तर एक्झॉस्ट लाल होतो, म्हणून तेही तपासा. ओढणाऱ्या बाजूचा रबरी पाइप वाकवून बघा. बारीक चिरा असतील तर तो बाहेर गळत नाही, आत हवा ओढतो, आणि लक्षणं हुबेहूब व्हेपर लॉकची दिसतात. नवा पाइप एसएई जे३० आर९ दर्जाचा घ्या, त्याचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकतं. व्हेपर लॉकवर उपाय म्हणून पाइपाला कपड्यांचे लाकडी चिमटे लावण्यात वेळ घालवू नका.

दोन्ही बिघाड एकमेकांना हातही देतात. दाब उतरला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. अर्धवट चोंदलेला व्हेंट हिवाळ्यात कळतही नाही, आणि उन्हाळ्यात तोच पंपात वाफ करून ठेवतो. अशा गाडीला ओल्या फडक्यानेही बरं वाटतं आणि झाकण उघडल्यावरही. म्हणून व्हेंट आधी, उष्णतेचं काम नंतर. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसवायचाच असेल, तर तोही व्हेंट मोकळा झाल्यावरच, आणि दाब ३.५ पीएसआयच्या वर नको, नाहीतर कार्बोरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) उघडी राहून पेट्रोल वाहील.

काम झालं की टाकी फुल करून ३० किलोमीटर न थांबता चालवा. थांबताच कागदाची पट्टी धरून झाकण सैल करा. पट्टी आत ओढली गेली नाही, तरच व्हेंट मोकळा झाला असं समजा.