निवडीचा स्त्रीवाद : कोकणातील संदर्भ

नोकरी करावी की घरी राहावे, लग्न करावे की एकटीने जगावे, यांतला कोणताही निर्णय बाईने स्वतःच्या मर्जीने घेतला असेल तर तो स्त्रीमुक्तीचाच भाग मानावा, अशी भूमिका. अमेरिकी वकील व लेखिका लिंडा हर्शमन यांनी २००६ च्या सुमारास ही संज्ञा रूढ केली, तीही टीका म्हणून. उच्चशिक्षित बायका नोकरी सोडून घरी बसतात आणि त्याला ‘माझी निवड’ म्हणतात, मग समतेचे काय, असा त्यांचा सवाल होता. तरीही या भूमिकेचे मोल नाकारता येत नाही. बाईने कसे जगावे हे सांगणारे आधीच पुष्कळ आहेत, त्यांत स्त्रीवाद्यांची भर नको. पण नकार दिला तर काय गमवावे लागेल, हे पाहिल्याशिवाय निवड खरी की नावापुरती ते कळत नाही.

या किनाऱ्यावर असे नकार जुने आहेत. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. पुढे त्यांनी नांदायला जायचे नाकारले. १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोग, असा निकाल दिला, तेव्हा त्यांनी कैदेची तयारी दाखवली. १८८८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या. देवरुखच्या गोदूबाई लहानपणीच विधवा झाल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला.

कोळीवाड्यात चित्र थोडे वेगळे दिसते. मासळीचा भाव ठरवणे, विकणे, गल्ला सांभाळणे हे कोळणीकडेच असते. होडी मात्र बहुधा पुरुषाच्या नावावर.

आजच्या कोकणात या वादाची खरी कसोटी हक्कसोडपत्रात, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा बहिणीने भावासाठी सोडल्याच्या दस्तात, लागते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलगी जन्मतःच मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची वाटेकरी, ठरली. बाप त्या तारखेआधी वारला असला तरी तिचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरी गणपतीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे कागद येतो. एके काळी चार गुंठे वरकस जमिनीसाठी कोण भांडणार, असे म्हणता येई. आता आंबा-काजूच्या कलमांना आणि रस्त्याकडेच्या जागेला पैसा आहे, सातबाऱ्यावरच्या नावाला वजन आहे. बहीण म्हणते, “माका जमीन नको, माका म्हायार व्हया.” हे ती मनापासून म्हणते, आणि म्हणूनच तिला भोळी ठरवणे अन्यायाचे आहे. हिस्सा मागितला तर चतुर्थीचे बोलावणे थांबेल, मुलांचा आजोळचा रस्ता बंद होईल, हा तिचा हिशोब अचूक असतो. भावाला मात्र जमीन आणि गणपती यांतून एक निवडावे लागत नाही.

दस्त नोंदवताना ठरलेले वाक्य असते : ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’. निबंधक विचारतो, मान्य आहे ना? ती मान हलवते आणि अंगठा यंत्रावर टेकवते. भाऊ शेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो, आणि परतीची गाडीही त्याचीच असते.